घर सापडलं, आणि घरधनीणही



गेले दोन महिने मी मुलाकडे कार्डिफला होते, म्हणून या वेळचं सदर तिकडचं. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे, माझी सून वेल्सचीच, माहेरची डेव्हिस. तिचे वडील, म्हणजे माझे व्याही, आता ७८ वर्षांचे आहेत. त्यांचे वडील पोरवयात पोटासाठी कार्डिफच्या गोदीत आले आणि तिथलेच झाले. गाव सुटलं ते सुटलंच. घरात पिढ्यान्‌पिढ्या एवढंच सांगितलं जायचं की आजोबा बोर्थ गावचे, जहाजावर कॅप्टन होते आणि समुद्राला लागून त्यांचं मोठं घर होतं. पत्ता नाही, फोटो नाही. व्याह्यांची इच्छा एकच, पाय चालताहेत तोवर त्या घरासमोर एकदा उभं राहायचं. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हीपण चला. तुम्हाला जुनी कागदपत्रं वाचायला आवडतात ना?" मला काय, निमित्तच हवं होतं.

बोर्थ हे वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, अ‍ॅबरिस्टविथ शहराच्या थोडं उत्तरेला असलेलं गाव. गाव कसलं, एक लांबच लांब रस्ता! दगडगोट्यांच्या बांधावर दुतर्फा घरं. एका बाजूच्या घरांच्या पाठीला समुद्र, तर दुसऱ्या बाजूला मैलोन्‌मैल पसरलेली कोर्स वोख्नो नावाची दलदल. ओहोटीला वाळूतून झाडांचे काळे बुंधे वर येतात. ओक, पाइन, बर्च अशा झाडांचं हजारो वर्षांपूर्वीचं ते बुडालेलं जंगल आहे. तिथली दंतकथा सांगते की इथे एक समृद्ध राज्य होतं, बांधाची दारं सांभाळणारा दारू पिऊन पडला आणि सगळं पाण्याखाली गेलं. आपल्या गुजरातवाल्यांना इथे द्वारका आठवणारच.

पण अशा गावात घर शोधायचं कसं? पहिली अडचण आडनावाची. वेल्समध्ये पूर्वी आडनावच नसे. आपण नावापुढे वडिलांचं नाव लावतो तसं ते लावत, मध्ये 'आप' म्हणजे 'चा मुलगा'. ऱ्हिसचा मुलगा आप ऱ्हिस, हवेलचा मुलगा आप हवेल. पुढे इंग्रजी पद्धतीने आडनावं कायम झाली तेव्हा आप ऱ्हिसचा प्राइस झाला, आप हवेलचा पॉवेल. डेव्हिडची मुलं डेव्हिस, जॉनची जोन्स, इव्हानची इव्हान्स. नावं मोजकीच, त्यामुळे आडनावंही मोजकीच. एकेका गावात एकाच नावा-आडनावाची चार-सहा माणसं सहज निघायची. कोकणातल्या एखाद्या वाडीत सगळेच जोशी असावेत तसं. मग आपण जसं 'विहिरीकडचे जोशी', 'खालच्या आळीतले जोशी' म्हणतो, तसं तिथे माणूस ओळखला जायचा घराच्या नावावरून. डेव्हिस कोण? तर अमक्या घरचे डेव्हिस. म्हणजे आधी घराचं नाव मिळवा, मग माणूस. आमच्याकडे नेमकं तेच नव्हतं.

ते मिळालं एका अनपेक्षित जागी. १९१५ साली ब्रिटिश व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्यांच्या याद्या आता संगणकावर फुकट पाहता येतात. प्रत्येक खलाशाचं नाव, वय, जन्मगाव, आधीचं जहाज आणि घरचा पत्ता त्यात असतो. सूनबाईने जन्मगाव बोर्थ आणि आडनाव डेव्हिस घालून शोधलं. बरेच डेव्हिस निघाले. वयाचा मेळ घालत एकावर येऊन थांबलो. पत्त्याच्या रकान्यात घराचं नाव आणि पुढे बोर्थ. त्या घरात आज दुसरं कुटुंब राहतं, म्हणून नाव इथे लिहीत नाही. हुद्द्याच्या रकान्यात मात्र कॅप्टन नव्हतं. तिथे होतं, खलाशी.

व्याही क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "हे आमचे आजोबा नसतीलच." सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पुढचे कागद बघू, मग ठरवू.

पुढचे कागद म्हणजे जनगणना. ब्रिटनमध्ये १८४१ पासून दर दहा वर्षांनी घरोघरच्या माणसांची नावं लिहिली गेली. हे कागद शंभर वर्षं बंद ठेवतात, त्यामुळे १९२१ चे कागद २०२२ साली खुले झाले. (इंग्लंड-वेल्सचे १९३१ चे बघायला मिळणारच नाहीत. ते १९४२ साली आगीत जळाले.) आम्ही अ‍ॅबरिस्टविथला टेकडीवरच्या वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेलो. १९०७ साली स्थापन झालेली ही संस्था. तिथल्या वाचनालयात बसलं की समोर समुद्र आणि हातात कागद. मला तर तिथून उठवेना.

खरी गंमत १९११ च्या कागदात आहे. त्याआधीच्या जनगणनांचे कागद म्हणजे सरकारी माणसाने आपल्या वहीत उतरवून घेतलेली नक्कल. १९११ चा मात्र घरच्यांनी स्वतः भरलेला मूळ फॉर्म जपून ठेवला आहे. वेल्समध्ये तो वेल्श भाषेतही मिळत असे. आम्ही घराचं नाव आणि आडनाव घालून फॉर्म उघडला, तर तो वेल्शमध्ये! व्याह्यांना वेल्श येत नाही. त्यांच्या वडिलांनी कार्डिफला आल्यावर मुलांशी इंग्रजीच धरलं. नात अकरा वर्षांची. तिकडे शाळेत वेल्श सक्तीची आहे, त्यामुळे तिला चांगली वाचता येते. तीच पुढे सरकली आणि बोट ठेवून वाचू लागली.

घरात आजोबांचं नावच नाही. २ एप्रिल १९११ च्या रात्री जो घरी होता त्याचंच नाव लिहायचं, आणि आजोबा जहाजावर होते. पहिली ओळ 'ग्वराइग', म्हणजे बायको. खाली 'मेर्ख', मुलगी. 'माब', मुलगा. पुन्हा 'माब', वय एक वर्ष. हे शेवटचं नाव व्याह्यांच्या वडिलांचं. आता शंका उरली नाही.

त्या फॉर्ममध्ये लग्न झालेल्या बाईला आणखी तीन आकडे लिहायचे होते: किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात आहेत, किती गेली. सहा, तीन, तीन. पुढे घरातल्या खोल्या किती, स्वयंपाकघर धरून? चार. शेवटी भाषेचा रकाना. आई आणि मोठ्या मुलांपुढे 'कमराइग', म्हणजे वेल्श. तीन वर्षांखालच्या मुलांची भाषा लिहायची नव्हती, म्हणून एक वर्षाच्या बाळापुढे जागा कोरी. आणि तळाशी सही. नवरा समुद्रावर, त्यामुळे सही तिची. जपून, अक्षर न्‌ अक्षर सुटं काढलेलं.

व्याही बराच वेळ त्या सहीकडे बघत राहिले. म्हणाले, "आजीचं नाव मला वडिलांच्या जन्मदाखल्यावरून माहीत होतं. पण आमच्या घरात कधी कुणी तिच्याबद्दल बोललं नाही. गोष्टी सगळ्या आजोबांच्या."

१९२१ च्या कागदाने उरलेलं सांगितलं. त्या वर्षी पंधरा वर्षांखालच्या मुलांपुढे आईवडील हयात आहेत का, हे लिहायचं होतं. व्याह्यांच्या वडिलांपुढे होतं, वडील वारले. म्हणजे १९१५ नंतरच्या सहा वर्षांत कधीतरी आजोबा गेले. ती जनगणना खरी एप्रिलमध्ये व्हायची, पण देशात कोळसा-कामगारांचा संप चिघळला आणि ती १९ जूनवर ढकलली गेली. जून म्हणजे तिकडे समुद्रावर सुट्टीला यायचे दिवस. १८६३ साली रेल्वे आल्यापासून बोर्थला असे पाहुणे येतच होते. त्यामुळे त्या रात्री गावोगावच्या किनाऱ्यावर जे पाहुणे उतरले होते तेही कागदावर आले. आमच्या चार खोल्यांच्या घरात दोन! आता त्या 'मोठ्या घरा'चा उलगडा झाला. घर मोठं नव्हतंच. एक विधवा बाई उन्हाळ्यात पाहुणे ठेवायची, त्यांचं रांधायची, आणि मुलांसह कुठल्यातरी कोपऱ्यात निजून तीन पोरं वाढवायची. लहानपणी ज्याने भरलेलं घर पाहिलं, त्याला ते मोठंच वाटणार.

दुसऱ्या दिवशी बोर्थला गेलो. घरांची नावं दारावरच्या काचेवर रंगवलेली. आमचं नाव मात्र कुठेच दिसेना, कारण मधल्या काळात कुणीतरी ते बदललं होतं. इथे १९११ ची आणखी एक वही कामाला आली. गणना करणाऱ्याने रस्त्याने चालत प्रत्येक इमारत ओळीने लिहिली होती. घर, दुकान, प्रार्थनामंदिर, रिकामं घरसुद्धा. फॉर्मवरचा क्रमांक हा घराचा क्रमांक नसतो, तो फक्त फॉर्म वाटण्याचा क्रम असतो, हे ग्रंथालयातल्या बाईंनी आधीच बजावलं होतं. म्हणून आम्ही क्रमांक सोडला आणि शेजार धरला. प्रार्थनामंदिर जागेवर होतं. शेजारच्या दोन घरांची जुनी नावं अजून टिकली होती. त्यांच्या मधलं एकच दार उरलं. जुन्या मोठ्या नकाशाशी ताडून पाहिलं, तेच.

अरुंद घर, पांढरा रंग, पाठीमागे समुद्राचा आवाज. आम्ही बेल वाजवली नाही. कुणाच्या घरात असं शिरणं बरं नव्हे. व्याही फुटपाथवर उभे राहिले, नातीने त्यांचा हात धरला. त्यांनी तिला विचारलं, "वेल्शमध्ये आजीला काय म्हणतात गं?" ती म्हणाली, "इकडे मामगी म्हणतात." त्यांनी दाराकडे बघून तो शब्द हळूच उच्चारला. नातीने दुरुस्त केला. त्यांनी पुन्हा म्हटला.

मंडळी, तेव्हापासून मी एका गोष्टीचा विचार करते आहे. आपल्याकडे कुलवृत्तान्त छापतात. माझ्या सासरचाही आहे. पिढ्या, गाव, इनाम, सगळं नीट. बायकांच्या जागी मात्र बहुतेक ठिकाणी लग्नातलं बदललेलं नाव आणि माहेरचं आडनाव, बस्स. कोकण-देशावरून आपले पूर्वज बडोद्याला आले ते गायकवाडांच्या चाकरीत, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ते स्वारीवर असताना इथल्या वाड्यात मुलंबाळं घेऊन कोण राहत होतं? कोणती भाषा बोलून त्या मुलांना वाढवलं, म्हणून आज आपण मराठीत हे मासिक वाचतो आहोत?

आपल्यालाही शोधता येईल. मूळ गावात जमीन होती तर सातबारा, गावठाणात घर होतं तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ मागा. त्र्यंबकेश्वर-नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या घराण्यातलं कोण कधी येऊन गेलं ते सापडतं. पण याआधी एक काम घरबसल्या करा. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंपाशी वही घेऊन बसा. त्यांच्या आईचं माहेरचं नाव विचारा, आजीचं विचारा. घरात कोण कुठे निजायचं, चूल कुठे होती, पाहुणे किती असायचे, ते विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा आणि खाली त्यांची सही घ्या.

लिहून झालं की मंडळाकडे पाठवा. येत्या अंकांपासून या सदरात दरमहा एका तरी घरधनिणीला जागा द्यायची, असं संपादकांशी बोलून ठरवलं आहे. सुरुवात मी माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंपासून करते. त्यांचं माहेरचं नाव मला या आठवड्यात नणंदेकडून कळलं: यमुना.

भेटू पुढच्या महिन्यात.