एका घरांत अनेक सर्व्हर

हल्लीं आमच्या वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांत एका नव्या छंदानें मूळ धरिलें आहे. घरांतील जुना संगणक मोडींत न काढतां त्यास सर्व्हर करावयाचें. म्हणजे घरचीं छायाचित्रें, गाणीं, अभ्यासाचे कागद त्यावर ठेवून, घरांतील इतर उपकरणें मागतील तेव्हां तीं त्यानें पुरवावींत अशी व्यवस्था करावयाची. एक यंत्र झालें कीं दुसरें येतें आणि दुसऱ्याच्या पाठोपाठ तिसरें. २०१२ सालीं रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक इंग्लंडांतून बाजारांत आला, तेव्हांपासून ही गोष्ट शाळकरी मुलांच्याही आटोक्यांत आली आहे. कांहीं पालक म्हणतात कीं, हा पोरखेळ असून त्यांत वीज व वेळ दोहोंचा अपव्यय आहे. मुलांचें म्हणणें असें कीं, यंत्रें जितकीं अधिक तितकें ज्ञान अधिक. आमच्या मतें दोन्ही पक्ष मुख्य प्रश्न सोडून बोलत आहेत. यंत्रें किती, हा प्रश्न नव्हे. तीं एका घरांत एकमेकांशीं कशीं नांदतात, आणि चालविणारा घरीं नसतां घरच्या माणसांस तीं उपयोगीं पडतात कीं नाहीं, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न आमच्या मनांत कसा उभा राहिला तें सांगतों. सदाशिव पेठेंतील आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें घरीं तीन सर्व्हर मांडिले होते. एकावर कुटुंबाचीं छायाचित्रें, दुसऱ्यावर गाणीं व चित्रपट, तिसऱ्यावर धाकट्या बहिणीचा अभ्यास. पुढें तो शिक्षणाकरितां परगांवीं गेला. गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं वीज गेली व तासाभरानें आली. परंतु छायाचित्रांचें पान कांहीं केल्या उघडेना. त्या छायाचित्रांत त्याच्या परलोकवासी वडिलांचीं सर्व छायाचित्रें होतीं. आईनें आम्हांस फोन केला. "सर, ह्यांचे फोटो गेले का हो सगळे?" एवढेंच त्या विचारीत होत्या. आम्ही तेथें गेलों, मुलाशीं फोनवर बोललों, आणि दोन तासांच्या खटपटीनंतर उलगडा झाला. छायाचित्रें सुरक्षित होतीं. मुलानें त्या सर्व्हरास एक पत्ता आपल्या हातानें दिला होता. परंतु तो पत्ता राखून ठेवण्याविषयीं राऊटरास कांहींच कळविलें नव्हतें. वीज आल्यावर राऊटरानें तोच पत्ता घरीं आलेल्या एका पाहुण्याच्या फोनला देऊन टाकिला. एका पत्त्यावर दोघे राहूं लागल्यावर निरोप कोणास पोंचावा? नुकसान कांहीं झालें नाहीं. पण त्या माउलीचे ते दोन तास आमच्या डोळ्यांपुढून जात नाहींत.

पेठांतील जुने वाडे आतां थोडेच उरले आहेत. परंतु ज्यांचे आजीआजोबा वाड्यांत राहिले त्यांस ही व्यवस्था समजण्यास अडचण पडूं नये. वाड्यास रस्त्यावर दरवाजा एक, आणि आंत बिऱ्हाडें अनेक. घराच्या जाळ्याचेंही तसेंच आहे. बाहेरच्या जगास घराचा एकच पत्ता ठाऊक असतो. आंतील प्रत्येक यंत्राचा पत्ता निराळा व घरापुरता असतो. इंटरनेटच्या जुन्या व अद्याप चालू असलेल्या पद्धतींत एकंदर पत्ते ४२९ कोटींच्या आसपासच होतात. ते जगास पुरणार नाहींत हें ओळखून १९९६ सालच्या नियमानें कांहीं पत्ते खाजगी जाळ्यांकरितां राखून ठेविले गेले. बहुतेक घरांत १९२.१६८ या आंकड्यांनीं आरंभ होणारे जे पत्ते दिसतात ते यांपैकींच होत. शेजाऱ्याच्या घरींही तेच आंकडे असले तरी घोटाळा होत नाहीं. "तळमजला, डावीकडील खोली" ही खूण जशी प्रत्येक वाड्यांत असूं शकते, तसेंच हें आहे. मात्र एकाच वाड्यांत एकाच खोलींत दोन बिऱ्हाडें घातलीं कीं तंटा ठरलेलाच.

यावरून पहिला नियम निघतो. जें यंत्र इतरांची सेवा करितें त्याचा पत्ता बदलतां कामा नये. प्रत्येक यंत्राच्या जाळें-जोडणीस कारखान्यांतूनच एक ओळखक्रमांक मिळालेला असतो. तो राऊटरमध्यें नोंदवून त्यापुढें अमुक पत्ता राखून ठेविला, म्हणजे वीज कितीदांही गेली तरी तो पत्ता दुसऱ्यास दिला जात नाहीं. याबरोबरच प्रत्येक यंत्रास सोपें व निराळें नांव द्यावें. आजीस "छायाचित्रें" हें नांव लक्षांत राहील. बारा आंकडे कसे राहावेत?

दुसरा नियम दरवाजाचा. प्रत्येक यंत्रास क्रमांक घातलेलीं अनेक दारें असतात. त्यांस पोर्ट म्हणतात. संकेतस्थळांचीं ठरलेलीं दारें ८० व ४४३ हीं होत. घरांतल्या घरांत तिन्ही सर्व्हरांनीं आपापलें ४४३ क्रमांकाचें दार उघडें ठेविलें तरी चालतें, कारण त्यांचे पत्ते भिन्न आहेत. परंतु बाहेरच्या पत्त्यास ४४३ क्रमांकाचें दार एकच. तेथें आलेला निरोप राऊटर एकाच यंत्राकडे धाडूं शकतो. मग उरलेल्या दोघांनीं काय करावें? वाड्याच्या देवडीवर पहारेकरी असे, आलेल्या मनुष्यास तो "कोणाकडे जावयाचें?" असें विचारी व त्या बिऱ्हाडाकडे पाठवी. तसाच एक पहारेकरी-सर्व्हर पुढें बसवितात. आलेल्या निरोपांत ज्याचें नांव असेल त्याच्याकडे तो निरोप पोंचवितो. इंजिनएक्स हा या कामाचा प्रसिद्ध प्रोग्राम असून तो फुकट मिळतो.

परंतु येथेंच आम्ही विद्यार्थ्यांस थांबवूं इच्छितों. दरवाजा उघडतां येतो म्हणून तो उघडावा असें नाहीं. उघड्या दारांचा शोध घेत हिंडणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात, आणि एका कच्च्या यंत्रांतून आंत शिरलेला चोर त्याच जाळ्यावरील दुसऱ्या यंत्रांपर्यंत जाऊं शकतो. म्हणजे तीन यंत्रांपैकीं एकाची हयगय ही तिघांची हयगय होय. शिवाय कित्येक घरांस स्वतंत्र बाहेरचा पत्ता मिळतच नाहीं. इंटरनेट पुरविणारी कंपनी अनेक गिऱ्हाइकांत एकच पत्ता वांटून देते. परगांवाहून आपलें घर गांठावयाचें असल्यास केवळ घरच्यांसाठीं राखलेली, कुलूपबंद अशी गुप्त वाट करावी. सर्वांकरितां महाद्वार सताड उघडें ठेवण्यापेक्षां ही रीत शहाणपणाची.

खर्चाविषयींची पालकांची शंका अगदींच निराधार नाहीं. साठ वॅटचा जुना संगणक अहोरात्र चालविल्यास महिन्यास सुमारें ४३ युनिट वीज खातो. दहा वॅटच्या लहान यंत्रास सात युनिटच पुरतात. म्हणून ज्या यंत्रास काम नाहीं तें बंद करावें. परंतु अनेक यंत्रें जोडणें हाच पोरखेळ, असें पुणेकरानें तरी म्हणूं नये. १९८८ सालीं आपल्या शहरांत सी-डॅक ही संस्था निघाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तिनें १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. त्याचें सामर्थ्य एखाद्या राक्षसी यंत्रांत नव्हतें. अनेक लहान प्रोसेसर परस्परांशीं नीट जोडून त्यांस काम वांटून देण्यांत होतें. जो मुलगा घरांतील तीन यंत्रें शिस्तीनें नांदवितो तो त्याच विद्येची मुळाक्षरें गिरवीत असतो.

आणखी एक गोष्ट पुण्याच्याच इतिहासांतून घ्यावी. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठांतील घरेंच्या घरें पाण्याखालीं गेलीं. भांडींकुंडीं पुन्हा घेतां आलीं. जीं छायाचित्रें व जे कागद वाहून गेले ते पुन्हा कोठून आणावयाचे? एका घरांत तीन सर्व्हर असले आणि तिन्हींवर एकाच वस्तूच्या तीन प्रती ठेविल्या, तरी पूर, आग व चोरी यांच्या दृष्टीनें ती एकच प्रत होय. एक प्रत घराबाहेर, मामाच्या किंवा मावशीच्या घरीं, अवश्य असावी.

शेवटचा नियम यंत्राचा नसून मनाचा आहे, आणि आमच्या मतें तोच सर्वांत मोठा. त्या सायंकाळीं सदाशिव पेठेंत जें उणें पडलें तें ज्ञान नव्हतें. मुलगा हुशार आहे. उणी पडली ती एक दोन आण्यांच्या किंमतीची वही. कोणतें यंत्र कोठें आहे, त्याचें नांव व पत्ता काय, तें कशाकरितां आहे, वीज गेल्यावर काय करावें, हें साध्या मराठींत लिहिलेली एक वही राऊटरशेजारीं टांगलेली असती, तर त्या आईस रडवेल्या आवाजानें आम्हांस विचारावें लागलें नसतें. परवलीचे शब्द मात्र त्या वहींत न लिहितां पाकिटांत घालून कपाटांत ठेवावेत. जी विद्या एकट्याच्याच डोक्यांत राहते ती घरास परावलंबी करिते. जी लिहून ठेविली जाते ती घराची होते.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, चौथें यंत्र आणण्यापूर्वीं पहिल्या तिहींची वही पुरी करा, आणि एके रविवारीं आईस किंवा आजीस ती वाचावयास देऊन तुम्ही दुसऱ्या खोलींत जाऊन बसा. त्यांस तुम्हांला हांक न मारतां छायाचित्रें उघडतां आलीं, तर तुम्ही परीक्षेंत उत्तीर्ण झालां असें समजावें. आणि पालकांस आमची विनंती एवढीच कीं, त्या रविवारीं आपण विजेचें बिल पुढें करूं नये. वही हातीं घ्यावी, आणि समजलें नाहीं तेथें मुलास निःसंकोच विचारावें.