शाळा जवळ, तरच बाई समितीत



सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. नमुना पानशेत आणि तोरणमाळचा. मोठ्या शाळेत ग्रंथालय, क्रीडांगण, पुरेसे शिक्षक मिळतात, हे मला मान्य आहे.

पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक केले. वस्तीवरची बाई मजुरीवरून परतताना सभेला बसू शकते, खिचडीतली डाळ पातळ का, असे विचारू शकते. आठ-दहा किलोमीटरवरच्या सभेला ती कशी पोचणार? नाव यादीत राहील, ती नसेल. आणि गाडी बंद पडली की आधी घरी बसते ती मुलगीच.

गावाचा कारभार म्हणजे आपोआप बाईचा कारभार नव्हे. सही तिची, बोलणे नवऱ्याचे, हेही आपण पाहतोच. म्हणून नुसते ‘शाळा वाचवा’ म्हणून भागणार नाही. महिला ग्रामसभेच्या संमतीशिवाय शाळा हलवू नये, अशी मागणी प्रत्येक गटाने लावून धरायला हवी. त्याआधी आपल्या समितीतल्या बायकांना बोलते करू या.