धूर उंबरठ्याबाहेर राहू द्या

रमजान लागला की वाशीच्या एपीएमसी मार्केटची लय बदलते. मसाला मार्केटमधून खजुराच्या पेट्या निघतात, फळ मार्केटमध्ये कलिंगड-पपईला उठाव येतो. हमाली करणारे, गाळ्यावर बसणारे, टेम्पो चालवणारे अनेक जण रोजा धरून राबतात. अन्नपाण्याबरोबर सिगारेट-बिडीही पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत बंद, कारण धूर ओढला की रोजा तुटतो. एरवी तासाला एक पेटवणारा माणूस तेरा-चौदा तास तिच्याशिवाय राहतो. ही ताकद थोडी नव्हे.

प्रश्न आहे तो मगरिबच्या अजाननंतरचा. इफ्तार झाली, नमाज झाली की पुष्कळदा पहिली सिगारेट घरातच पेटते. त्याच खोलीत दिवसभर रोजा धरलेली बायको भांडी आवरत असते, दम्याची आई पलंगावर असते, तान्हं मूल झोळीत असतं. मार्केटवर पोट असलेली कितीतरी कुटुंबं कोपरखैरणे, घणसोली, तुर्भ्याच्या लहान घरांत राहतात. तिथे धुरापासून उठून जायला दुसरी खोली कुठली?

हे दुखणं एका धर्माचं नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या 38.7 टक्के प्रौढांच्या वाट्याला घरातच दुसऱ्याचा धूर येत असल्याचं दिसलं. या धुराने मुलांना दमा, न्यूमोनिया, कानाचे विकार जडतात. मोठ्यांना हृदयविकार आणि फुप्फुसाचा कर्करोग. जपानच्या हिरायामा यांनी 1981 मध्येच दाखवलं होतं, की स्वतः कधीही न ओढणाऱ्या, पण नवरा ओढतो अशा बायकांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त असतं. खिडकी उघडून, पंखा लावून किंवा लोबान जाळून हा धोका टळत नाही. वास झाकला जातो, विष राहतं.

बाहेर आपल्याला कायद्याचं संरक्षण आहे. मुंबईच्या मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली. 2003 मध्ये कायदा आला, 2 ऑक्टोबर 2008 पासून कडक नियम लागू झाले. पण कायदा घराच्या दारापाशी थांबतो. आत राज्य घरच्यांच्या शहाणपणाचं.

इथे प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक शिकवण आठवते. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, असं त्यांनी सांगितलं. शेजारी उभ्या असलेल्याला त्या वासाचा त्रास होतो म्हणून. कांदा-लसूण हलाल आहे, रोजच्या जेवणातला आहे, या मार्केटमध्ये तर ट्रकने उतरतो. त्याच्या नुसत्या वासाबद्दल एवढी काळजी, मग झोपलेल्या लेकराच्या छातीत धूर सोडणं कुठल्या हिशेबात बसतं?

अडचण अशी, की सून सासऱ्याला सांगू शकत नाही, मूल बापाला सांगत नाही. म्हणून हा नियम ओढणाऱ्यानेच करायचा. घरातली ॲशट्रे आजच काढून टाका. इफ्तारीला आलेल्या पाहुण्यालाही हसून सांगा, ‘आमच्या घरात ओढत नाहीत.’ ओढायचीच तर खाली उतरून, माणसांपासून लांब. सुटावी असं वाटत असेल, तर 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर मदत मिळते. श्रावण पाळणाऱ्या शेजाऱ्यांनाही संयमाची ही कसरत ठाऊक आहेच. दिवसभर जी सिगारेट स्वतःसाठी थांबते, ती घरच्यांसाठी उंबरठ्याबाहेर थांबू शकते. ईदनंतरही.