दंड तिजोरीला, नुकसान गिऱ्हाइकाला

इचलकरंजीचा एखादा यंत्रमाग कामगार कोल्हापुरात येऊन हप्त्याने मोबाइल घेतो, तेव्हा आधार, पॅन, बँक खात्याचा क्रमांक असे सारे त्याला दुकानदाराच्या स्वाधीन करावे लागते. ही माहिती पुढे कोणाच्या हाती पडते, हे त्याला कळत नाही. खात्यातील पैसे गेले की मात्र तोच बेसावध ठरविला जातो.

त्याच्यापुढे कायद्याचे मार्ग कोणते? गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमुखाने दिला. त्याआधीच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमाने संवेदनशील माहिती जपण्यात हयगय करणाऱ्या कंपनीवर भरपाईची जबाबदारी टाकली होती. या कायद्याखालील पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवापुढे चालतात. पुण्यातील एका उद्योगाच्या खात्यातून रक्कम लुबाडली गेली, तेव्हा २०१३ मध्ये याच अधिकाऱ्याने पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये देण्यास फर्मावले होते.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ही व्यवस्था मोडीत काढतो. कसूरदारास २५० कोटींपर्यंत दंड होईल, हे गाजावाजा करून सांगितले जाते. तथापि हा दंड जमा होणार भारताच्या संचित निधीत! ज्याचे नुकसान झाले त्याला छदामही नाही. शिवाय हाच कायदा ४३-अ कलम रद्द करतो. त्यासाठी नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेने अठरा महिन्यांची मुदत ठरविली. उलट, खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्याबद्दल गिऱ्हाइकालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकेल. मोठ्या दंडाने कंपन्यांना जरब बसेल, हे मान्य; पण जरबेने कामगाराचे गेलेले पैसे परत येत नाहीत. नफा भांडवलाचा, दंड सरकारचा आणि नुकसान तेवढे गिऱ्हाइकाचे, अशी ही वाटणी आहे.

एक दार अजून उघडे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्यास देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दोन वर्षांच्या आत राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही.

न्याय दाराशी यावा म्हणून कोल्हापूरने उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी दशकानुदशके लढा दिला, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच मिळाले. भरपाईचा हक्कही मागितल्याशिवाय मिळणार नाही. कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत पावत्या, करारपत्रे आणि मोबाइलवरील संदेश जपून ठेवण्यास शिकवावे, जिल्हा आयोगात तक्रारी गुदराव्यात, आणि ४३-अ कलमाचा हक्क नव्या कायद्यात पुन्हा घालावा, ही मागणी आपल्या खासदारांपुढे ठामपणे मांडावी.