अर्धं तिकीट, पण वेळ पुरा

17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट लागतं. काहींना ही खैरात वाटते. मला वाटत नाही. गाडी अर्धी रिकामी धावली तरी चालक-वाहकाचा पगार तेवढाच, डिझेलही जवळपास तेवढंच. त्या रिकाम्या जागेवर एखादी बाई बसून बाजाराला, दवाखान्यात, कामावर गेली, तर सगळ्यांचाच फायदा. उर्दूत उधळपट्टीला 'इसराफ' म्हणतात. खरा इसराफ ती रिकामी सीट आहे.

पण हिशेब इथे संपत नाही. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. समजा, संगमेश्वरला किंवा देवरुखला शिकणाऱ्या मुलीची शाळा पाचला सुटली आणि तिच्या वाडीची गाडी साडेसहाला असली, तर तो दीड तास हेच तिचं तिकीट. पावसाळ्यात लवकर अंधारून येतं, मग घरचे म्हणतात, "बस झालं शिक्षण."

तिजोरीत पैसा मोजकाच असतो. नवी सवलत की शाळेच्या वेळेला एक जादा फेरी, असा प्रश्न आला तर मी फेरी मागेन. गाडीच नसेल, तर मोफत पास हा नुसता कागद आहे.