आमच्या मागांना भोंगा नव्हता

मुंबईच्या गिरण्यांच्या संपाला तारीख आहे: 18 जानेवारी 1982. नगरच्या तोफखान्यातले हातमाग कधी थांबले, विचारून पाहा. आम्ही पद्मशाली. आजोबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणत, आजी कांड्या भरायची. यंत्रमागाचं लुगडं स्वस्त पडलं आणि आईच्या मांडीवर विड्यांचं सूप आलं. साडीसारखी कापडं हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा 1985चा. तो पाळला किती गेला, बाजारात दिसतंच. गिरणी कामगारांच्या घरांची निदान सोडत तरी निघते, भले रडतखडत. आता नगर जिल्हा अहिल्याबाईंच्या नावानं अहिल्यानगर झाला. चौंडीच्या या लेकीनं महेश्वरात विणकर वसवले, तिथली साडी आजही विकली जाते. नाव घेतलंय ना तिचं? मग पाट्यांआधी सुताचं बघा.