मोकळे प्लॉट ढीगभर, तरी भाव का उतरत नाहीत?

१७ सप्टेंबर २०२५ ला बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, प्लॉट आत्ताच घ्यावा की थांबावं?

घरबाजाराचं सूत्र सोपं आहे. विक्रीला १२० घरं असतील आणि महिन्याला १० खपत असतील, तर साठा बारा महिन्यांचा. साठा वाढला की विकणारा नरमतो, आटला की घेणाऱ्याची दमछाक होते. अमेरिकेत साधारण सहा महिन्यांचा साठा समतोलाचा मानतात. २०२२ च्या सुरुवातीला तिथे तो दोन महिन्यांच्याही खाली गेला होता आणि घरं सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेली.

बीडमध्ये मात्र डोळ्यांना साठा उदंड दिसतो. बायपासच्या बाजूला जाऊन बघा. रोवलेले दगड, पुसट झालेल्या चुन्याच्या रेषा आणि मधे माजलेल्या वेड्या बाभळी. पण यातले बरेच प्लॉट विकायलाच काढलेले नसतात. मालकाला विचारा, उत्तर ठरलेलं: "पडलाय तर पडू द्या, खायला का मागतो?" पुण्याच्या बिल्डरच्या डोक्यावर कर्जाचं व्याज असतं, फ्लॅट पडून राहिले की त्याला सवलत द्यावीच लागते. इथे पैसे कधीच फिटलेले असतात, व्याज नाही, घाई नाही. म्हणून गिऱ्हाईक महिनोन् महिने फिरकलं नाही तरी सांगायचा भाव खाली येत नाही.

विक्रीला असतात त्यांतही कागद चोख असलेले वेगळे काढावे लागतात. एन.ए. (बिगरशेती) झालेला, मंजूर लेआउटमधला, खरेदीखत होऊ शकणारा प्लॉट असेल तरच बँक कर्जाला उभी राहते. शेतातला गुंठा-दोन गुंठे नुसत्या बॉन्डवर घेतले, तर रोख मोजावी लागते आणि सातबाऱ्यावर नाव लागत नाही. साहजिकच पगारदार माणसं, गुरुजी, नर्सबाई, एसटीतले कर्मचारी, सगळे त्याच मोजक्या चोख प्लॉटांवर येऊन थांबतात. टंचाई आहे ती इथे.

जमिनीचे असे छोटे तुकडे पाडायला आडकाठी करणाऱ्या १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात सरकारने २०२५ मध्ये सवलत दिली. अडकलेले गुंठे रीतसर नावावर झाले, तर खरा साठा वाढेल आणि चोख प्लॉटवाल्यांची मिजास थोडी उतरेल, असं मला वाटतं. मात्र कागद झाला म्हणून नळ येत नाही. माजलगाव धरणाचं पाणी आणि पक्का रस्ता जिथवर पोचत नाही, तिथला प्लॉट राहण्याच्या हिशेबात धरताच येत नाही.

नगर परिषदेने दोन गोष्टी कराव्यात. मालमत्ता कर इमारतीइतकाच जमिनीवरही लागू आहे. मोकळ्या प्लॉटांचा तो नेमाने वसूल करावा. धरून ठेवायला खर्च आला की माल बाजारात येतो. दुसरं, मंजूर लेआउटची यादी दर्शनी फलकावर लावावी: किती प्लॉट, किती बांधले, नळ-रस्ता कुठवर. आज हा हिशेब फक्त एजंटच्या तोंडी असतो, आणि "दोनच उरलेत" हे वाक्य ऐकून लोक इसार देऊन बसतात. ज्याला या महिन्यात घ्यायचाच आहे, त्याने आधी एन.ए. आदेश मागावा आणि लेआउट ५०० चौरस मीटरहून मोठा असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक तपासावा.